खांबाच्या अलीकडं

आमच्या वस्तीतल्या शेवटच्या घरापासून खाणीचा पहिला खांब चाळीस पावलांवर आहे. सिमेंटचा, चुना फासलेला, वर नंबर. खांबाच्या पलीकडं खाण, अलीकडं आम्ही. कोण्या पूर्वजानं आमच्या लोकांना गावाबाहेर बसवलं, म्हणून आज खाणीला सगळ्यात जवळ आम्हीच. आणि खाणीच्या हद्दीत मात्र नाही. हद्दीत असतो तर उठवावं लागलं असतं, अन् उठवलं तर घर द्यावं लागलं असतं.

वर्धा नदीच्या काठचा हा कोळशाचा मुलूख. वणी, घुग्घुस, बल्लारपूर. १९७३ साली खाणी सरकारच्या झाल्या. बाप म्हणायचा, "शेटची होती तवा टोपलं उचललं, सरकारची झाली तवाबी टोपलंच."

बापानं अडीच एकर ई क्लासची जमीन वाहिली. गायरानच ते, आमच्याकडं ई क्लास म्हणतात. दगड वेचून, काट्या तोडून त्यानं ती काळी केली. १९९१ साली सरकारनं निर्णय काढला, की १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायची. बापानं अर्ज केला. दरसाल तलाठी यायचा, दंड घ्यायचा, पावती द्यायचा. सातबाऱ्यावर नाव काही चढलं नाही.

मग खाण वाढली. कोळशाच्या जमिनीसाठी १९५७ चा वेगळाच कायदा आहे. त्यात जमीन केंद्र सरकारकडं जाते आणि तिथून कंपनीकडं. गावातल्या पाटलाकुणब्यांना मोबदला मिळाला, दोन एकरामागं एक नोकरी मिळाली. मिळाली ते बरंच झालं, त्यांचीही पोटं आहेत. आमची अडीच एकर होती. बापानं पावत्यांचं गाठोडं साहेबापुढं सोडलं. साहेब म्हणाला, "ह्या तर दंडाच्या पावत्या आहेत." म्हणजे जमीन कसल्याचा पुरावा हाच गुन्ह्याचा पुरावा ठरला. बाप गाठोडं बांधून परत आला. त्यानंतर तो त्या बाजूला तोंड करून बसला नाही.

कोळसा काढला की तो न्यावा लागतो. त्यासाठी आमच्या वाड्यालगतची पांदण घेतली. बैलगाडीची वाट ती, तिच्यावरून रात्रंदिवस टिप्पर. भाकरीवर धूळ, पाळण्यात धूळ, निळ्या झेंड्यावर धूळ. कंपनीकडं गेलो तर म्हणे रस्ता आमच्या हद्दीत नाही. रस्त्याच्या खात्याकडं गेलो तर म्हणे आमच्या यादीत नाही. पंचायत म्हणते, आमच्याजवळ पैसा कुठं आहे? पाण्याचा टँकर रोज येतो. खाणीच्या फाटकापर्यंत रस्ता भिजवतो आणि तिथूनच वळतो. फाटकाच्या अलीकडची धूळ बेवारस.

स्फोटाचं मात्र उलटं. धोक्याचा घेरा ५०० मीटरचा धरतात. भोंगा वाजला की लाल झेंडीवाला येतो अन् आम्हाला घरातून काढतो. लेकरं काखेत घेऊन बाया नाल्याकडं जातात. घेरा आमच्या चुलीपर्यंत येतो, हद्द तेवढी येत नाही.

आता खाण बुजवायची गोष्ट. २००९ पासून नियम आहे, खाण बंद करायचा आराखडा आधीच द्यायचा आणि त्यासाठी पैसा बाजूला ठेवायचा. त्या वेळी उघड्या खाणीला हेक्टरी सहा लाखांचा हिशेब होता. वरची सुपीक माती वेगळी ठेवायची, खड्डा भरला की ती वर पसरायची. २०२० च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही सांगितलं, की खाणवाल्यानं जमिनीवर पुन्हा गवत उगवेल, चारा होईल अशी ती करून द्यावी, तशी अट भाडेपट्ट्यातच घाला. वाचून बरं वाटलं. गायरानाचं गवत कोर्टाला दिसलं.

पण आमच्याकडं कोळशावरच्या मातीचा, ओबीचा, डोंगर उभा आहे. पावसाळ्यात तो वाहतो. माती काय खांब पाहून थांबते? नाला भरला, नाल्याकाठची आमच्या बायांची भाजीची वाफं गेली. तक्रार केली तर माणूस टेप घेऊन आला. त्यानं डोंगराचा पाय मोजला, खांबाच्या आत भरला. वाहून आलेली माती त्यानं मोजली नाही.

खाण आणखी वाढवायची म्हणून जनसुनावणी झाली. मांडव, खुर्च्या, पोलीस. साहेब नकाशावर काडी फिरवत होते, इथं झाडं, इथं तलाव. माझी मावशी उठली. तिनं माइक धरला नाही, ती तशीच बोलली.

"साहेब, खड्डा बुजवाल, गवत लावाल, समदं खरं. मंग ते जमीन कोणाले देसान?"

साहेबांनी शेजारच्याकडं पाहिलं. शेजारच्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. शेवटी नियमाप्रमाणं इतिवृत्त मराठीत वाचून दाखवलं. त्यात मावशीचा प्रश्न होता तो असा: एका महिलेने रोजगाराबाबत विचारणा केली.

मावशी म्हणाली, "म्या रोजगार कवा मांगला?" तोवर मांडवाचे दोर सुटायला लागले होते. आम्ही सतरा जणांनी तिथंच कागदावर तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहिला, खाली सह्या-अंगठे केले. कलेक्टर कचेरीत तो दिला आणि पोच घेतली. ही पोच दंडाची नाही. ती बापाच्या गाठोड्यात ठेवली आहे.