काळ्या पाण्यावरचे शहर

ब्राझीलमधील मानाउस हे शहर पाहण्याचा योग मला २०२४ च्या जून महिन्यात आला. साओ पावलोस राहणाऱ्या काकांकडे आजोबा व मी गेलो होतो. तेथून विमानाने सुमारे चार तास! शेवटचा बराच वेळ खाली केवळ अरण्य दिसत होते. आणि त्या अरण्याच्या मध्यभागी वीस लाखांहून अधिक वस्तीचे हे नगर.

येथील नाट्यगृह १८९६ साली उघडले. त्याचा घुमट ३६,००० रंगीत कौलांचा असून आतील संगमरवर इटलीहून आणलेला आहे. हे सारे वैभव रबराच्या चिकाचे. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने रबराची सुमारे ७०,००० बीजे लंडनच्या क्यू उद्यानात पोचवली. त्यांच्या रोपांपासून सिंहलद्वीपात व मलायात मळे उभे राहिले आणि मानाउसची लक्ष्मी रुसली. केरळातील रबराची झाडे त्याच कुळातली. मला मात्र त्या घुमटापेक्षा बंदरातील तरता धक्का अधिक आवडला. नदी वर्षाकाठी दहा-बारा मीटर चढते-उतरते. तिच्याबरोबर धक्काही चढतो-उतरतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे होडीतून निघालो. आमचा वाटाड्या चाळिशीचा, मितभाषी गृहस्थ होता. त्याला इंग्रजी बेताचेच येई. आजोबांचे प्राथमिक शिक्षण पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात झालेले. साठ-पासष्ट वर्षे अडगळीत पडलेली ती भाषा त्यांनी भीत भीत बाहेर काढली, आणि वाटाड्याचा चेहरा खुलला. पुढे किनाऱ्यावरील एक झाड दाखवून तो म्हणाला, "काजू!" दुभाष्याची गरजच पडली नाही. हे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहूनच आपल्याकडे आणले, नावासकट!

निग्रो नदीचे पाणी कोऱ्या चहासारखे काळसर. कुजलेल्या पानांचा अर्क त्यात उतरतो. ते आम्लधर्मी असल्यामुळे डासही कमी. शहराच्या खालच्या अंगास अँडीज पर्वताचा गाळ वाहून आणणारी पिवळट सोलिमोंइस तिला भेटते. दोघींचा वेग, उष्णता व घनता निरनिराळी. म्हणून सुमारे सहा किलोमीटर त्या शेजारी शेजारी वाहतात, मिसळत नाहीत. मी होडीच्या एका बाजूस हात बुडवला, मग दुसऱ्या बाजूस. एक पाणी कोमट, दुसरे गार!

नंतर होडी बुडालेल्या अरण्यात शिरली. पावसाळ्यानंतर तेथे वृक्षांच्या शेंड्यांमधून होडी चालते. वाटाड्याने रबराच्या खोडावरील जुने तिरकस व्रण दाखवले. त्याचे आजोबा सेआरा प्रांतातले, दुसऱ्या महायुद्धात 'रबराचे सैनिक' म्हणून आणलेल्या ५०,००० हून अधिक लोकांपैकी एक. युद्ध संपले, पण परतीचे भाडे कुणी दिले नाही. हे ऐकून आजोबा बराच वेळ गप्प होते.

मध्येच वाटाड्याने वल्हे थांबवले. "आपण आता जेथे तरंगत आहोत, तेथे खाली मी गेल्या ऑक्टोबरात चालत होतो," तो म्हणाला. २०२३ च्या त्या अवर्षणात मानाउसपाशी नदीची पातळी १२.७० मीटरपर्यंत खाली गेली. १९०२ पासूनच्या नोंदींत तोवर इतकी नीचांकी पातळी नव्हती. तेफे सरोवरात शंभराहून अधिक डॉल्फिन मेले. शहराजवळच्या खडकांवर कोरलेले प्राचीन मानवी चेहरे उघडे पडले. लोक ते पाहण्यास गर्दी करीत होते. हा मात्र पिण्याच्या पाण्याचे कॅन खांद्यावर घेऊन भेगाळलेल्या चिखलातून दोन-दोन तास आपल्या वाडीकडे चालत होता.

रात्री विजेरीच्या उजेडात मगरींचे डोळे निखाऱ्यांसारखे चमकताना पाहिले. भय वाटले, हे सांगण्यास संकोच कशाला?

आम्ही गोव्यास परतलो. ऑक्टोबर २०२४ मध्ये निग्रोने आदल्या वर्षीचा नीचांकही ओलांडल्याची वार्ता आली. आजोबांनी चष्मा लावून पोर्तुगीजमध्ये चार ओळी लिहिल्या व मी त्या फोनवरून धाडल्या. तीन दिवसांनी उत्तर आले. होडी उलटी करून घराखाली ठेवली होती, मुलीची शाळा बंद होती आणि तो पुन्हा कॅन घेऊन चालत होता. शेवटी त्याने विचारले होते, "तुमच्या गोव्यात यंदा पाऊस कसा झाला?"