बोटभर जखम

उजव्या पायातली चप्पल केव्हा निसटली, ते मला कळलेच नाही. हिरण्यकेशीच्या पुलावर मागून एक मुलगा धावत आला. "गुरुजी, तुमची चप्पल!" म्हणून तो हसला, मीही हसलो. रात्री अंथरुणावर पायाचा अंगठा वर उचलू लागलो, तो उचलेना. मग मात्र हसू आले नाही.

कमरेपासून घोट्यापर्यंत कळ महिनाभर येतच होती. पण पाठदुखीचे आमच्या घरी कोणाला कौतुक? भाताच्या लावणीत आईची उभी हयात वाकण्यात गेली. कमरेला बिब्बा, विटेचा शेक आणि "हे आता माझ्यासंगंच जाणार," एवढाच तिचा इलाज.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी एमआरआयचे चित्र उजेडासमोर धरले. मणक्यांमधल्या गादीतले पाणी वयाबरोबर आटते. कधी ती फुटून बाहेर येते आणि शेजारची नस दाबते. "पुष्कळांचे औषध-व्यायामाने भागते. तुमचा अंगठा मात्र थांबू देत नाही," ते म्हणाले.

आमच्याकडे मणक्याचे ऑपरेशन म्हणजे कायमचे अंथरूण, अशी समजूत. सौभाग्यवतींनी वाचनालयातून गोव्याच्या डॉ. प्रेमानंद रामाणींचे 'ताठ कणा' आणून माझ्या उशाशी ठेवले. बोलल्या काहीच नाहीत. मी कादंबऱ्या लिहितो. पण धीर द्यायची ही रीत मला सुचली नसती.

फुटलेल्या गादीने पाय दुखतो, हे १९३४ साली अमेरिकेत मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिले. तेव्हा पाठ चांगली लांब चिरावी लागे, स्नायू हाडापासून सोडवावे लागत. १९९७ मध्ये फोली आणि स्मिथ यांनी निराळी वाट सांगितली: स्नायूंचे तंतू कापायचे नाहीत, एकाहून एक जाड नळ्या घालून नुसते बाजूला सारायचे आणि शेवटच्या नळीतून दुर्बीण व हत्यारे आत न्यायची. गर्दीत "जरा सरका हो" म्हणत पुढे जावे, तसे! झिजलेली गादी त्याने नवी होत नाही. नस मोकळी होते, इतकेच.

दुसऱ्या दिवशी मी आपल्या पायांनी गाडीत बसलो. कळ गेली होती. अंगठ्याने मात्र पुढे दोन महिने घेतले.

घरी आईने सदरा वर करून जखम पाहिली. बोटाच्या पेराएवढी. तिने तिच्यावरून हलकेच बोट फिरवले.

"एवढंच व्हय रं?"

"एवढंच."

ती चौकटीला धरून उठली. उठली म्हणजे निम्मी उठली. "मग माझंबी एवढ्यातच झालं असतं?"

मला उत्तर देता आले नाही. सोमवारी तिला कोल्हापूरला दाखवायला न्यायचे मी ठरवले आहे. ती म्हणते, भाताची सुगी होऊ दे, मग बघू.