भरून आलेला पाय

मराठीत 'भरून येणे' हे क्रियापद मोठे उदार आहे. आभाळ भरून येते, गळा भरून येतो, डोळे भरून येतात आणि चालून चालून पायही भरून येतो. यातल्या शेवटच्या प्रयोगाकडे आमचे लक्ष गेले ते आमच्याच विभागातून निवृत्त झालेल्या एका सरांमुळे.

यवतमाळात संध्याकाळी आम्ही दोघे त्यांच्यासोबत फिरावयास जातो. आझाद मैदानापासून निघाले की ठरावीक अंतरावर सर थांबत. दुकानांच्या पाट्या वाचीत, त्यांतील ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दाखवीत. दोन-तीन मिनिटांनी चालू लागत आणि तेवढेच अंतर गेले की पुन्हा थांबत. पाट्या संपल्या तरी थांबणे संपेना, तेव्हा म्हणाले, "पोटरी भरून येते हो. वात असेल." बसावे लागत नसे, नुसते उभे राहिले की कळ ओसरे. पुढे कळले की हीच खूण महत्त्वाची. जर्मन भाषेत या विकाराला 'दुकानाच्या काचेपुढचा आजार' अशा अर्थाचे नाव आहे. वैद्यकातील लॅटिन नाव मात्र लंगडण्याच्या क्रियापदावरून आलेले. फ्रेंच पशुवैद्य बुले याने १८३१ साली हे लंगडणे प्रथम घोड्यात वर्णिले. घोडा पळे, लंगडे, विसावला की पुन्हा नीट चाले. १८५८ साली शार्कोने माणसात तेच दाखविले.

विश्रांतीत १०० ग्रॅम स्नायूला मिनिटाला ३-४ मिलिलीटर रक्त पुरते. व्यायामात हीच मागणी ५० ते ८० वर जाते, कधी त्याहून पुढे. राबणारा स्नायू स्वतःच बारीक धमन्यांना सैल होण्याचा सांगावा धाडतो. स्नायू आवळला की प्रवाह अडतो, सैल पडला की धावत येतो. चालण्याची लय म्हणजे रक्ताचीही लय. पण वरची मोठी धमनीच आतून चरबीने, चुन्याने अरुंद झाली असेल तर खालची दारे सताड उघडून काय उपयोग? उलट त्या उघड्या दारांमुळे अडथळ्यापलीकडचा दाब आणखी उतरतो. आता बंद पडलेली आमची शकुंतला रेल्वे आठवावी. एरवी त्या अरुंद रुळांवर भागून जाई. कापसाच्या हंगामात मात्र त्यांची रुंदी कळे. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर, बाकी सारे तेच असता, प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो, हे प्वाझयचे गणित. धमनी काही सरळ नळी नव्हे आणि शरीर आडवाटाही शोधते. तरी धाक बसावा इतके ते गणित खरे आहे.

म्हणजे भाषा ज्याला 'भरलेला' म्हणते तो पाय खरे तर उपाशी असतो. या विपर्यासाने आम्ही दोघे बराच काळ अस्वस्थ होतो.

डॉक्टरांनी घोट्याचा रक्तदाब दंडाच्या दाबाशी ताडून पाहिला. हे गुणोत्तर ०.९ किंवा त्याखाली आले म्हणजे पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असे धरतात. सरांचे बरेच खाली होते. मग बिडीची चौकशी झाली. आमच्या जिल्ह्याच्या जंगलांतून उन्हाळ्यात तेंदूपत्ता निघतो. तो तोडणाऱ्यांचे हात आम्ही पाहिले आहेत, ओढणाऱ्यांच्या पायांकडे मात्र कोणी पाहत नाही. १९०८ साली न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर याने तंबाखू ओढणाऱ्या तरुणांच्या हातापायांतील धमन्या बुजविणाऱ्या रोगाचे वर्णन केले. तो रोग वेगळा. पण भारतात बिडी ओढणाऱ्या तरुणांत तो आजही आढळतो आणि बोटे, कधी पाऊलही कापावे लागते. सरांच्या पावलावर एक न भरणारी जखम होती. 'भरणे' या क्रियापदाचा हाही एक प्रयोग, आणि येथे ते भरत नव्हते.

सरांनी बिडी सोडली. चाळीस वर्षांची सवय होती. पहिले पंधरा दिवस ते आमच्याशी धड बोलले नाहीत. गोळ्या सुरू झाल्या, जखम हळूहळू मिटली आणि मग औषध म्हणून चालणेच सांगितले गेले. कळ येईपर्यंत चालायचे, ती बरीच वाढली की थांबायचे, ओसरली की पुन्हा निघायचे. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, किमान बारा आठवडे. ज्या श्रमाने दुखते तोच श्रम उपाय व्हावा, हे सरांना पटेना. अरुंद जागा याने रुंद होत नाही, पण स्नायू मिळेल त्या रक्तात काम भागवायला शिकतो.

सध्या ते दत्त चौक ओलांडून जातात. थांबतात, पण पाट्या वाचीत नाहीत, घड्याळ पाहतात.