वारंगा फाटा, पुन्हा

नांदेड सोडलं की अर्धापूरच्या केळीच्या बागा लागतात आणि त्या मागं पडल्या की वारंगा फाटा येतो. चाळीसेक किलोमीटर. इथून एक रस्ता आखाडा बाळापूर, कळमनुरी, हिंगोली करत अकोल्याला जातो. दुसरा हदगाव, उमरखेड, यवतमाळवरून नागपूरकडं. कागदावर १६१ आणि ३६१. फाट्यावर अजून हिंगोली रोड आणि नागपूर रोडच.

*

गावात नवखा दिसला की पारावरची म्हातारी विचारते, "कोणाचा रे तू?" फाट्यावर विचारतात, "कुठं जायचंय?" आमची इथं जमीन नव्हती, भावकी नव्हती. वडील ऊर्ध्व पैनगंगेच्या कालव्यावर नोकरीला, घर भाड्याचं. इसापूरच्या धरणाचं पाणी कोणत्या पाळीला कुठवर पोचलं, यावर आमच्या घरची जेवणं पुढंमागं व्हायची. तरी कुणी गाव विचारलं की माझ्या तोंडून वारंग्याचंच नाव निघतं.

या खेपेला खिचडी खायला बसलो. वारंग्याची खिचडी खायला माणसं मुद्दाम गाडी थांबवतात. वाढणाऱ्या पोरानं विचारलं, "नांदेड का हिंगोली, काका?" म्हटलं, "इथंच आलोय." "इथं कोणाकडं?" याचं उत्तर मला देता येईना. पोरानं कढी आणून वाढली आणि पुढच्या टेबलाकडं गेला.

*

असं परत आलो की इंग्रज लेखक जेराल्ड डरेल आठवतो. जन्म १९२५, जमशेदपूरचा. दहा वर्षांचा असताना घरच्यांबरोबर ग्रीसच्या कोर्फू बेटावर गेला, १९३९ पर्यंत तिथं राहिला. विंचू, कासवं, पाखरं गोळा करण्यात पोरपण गेलं. त्या दिवसांवरचं पुस्तक १९५६ साली आलं, जगभर वाचलं गेलं आणि माणसं ते बेट बघायला लोटली. पुढं तो परत गेला तेव्हा त्याच्या ओळखीच्या किनाऱ्यांवर हॉटेलं उभी राहत होती. आपल्याच पुस्तकानं हे ओढवलं, याची त्याला खंत होती.

त्याची खंत खरी आहे. पण तिथं जन्म काढणाऱ्यांचं काय, हेही मनात येतंच. बेटावरच्या कोळ्याला, शेतकऱ्याला त्या हॉटेलांतून चार पैसे मिळाले असतील, तर ते नकोत असं म्हणणारा मी कोण? परत येणाऱ्यानं खुशाल हळहळावं. जागा होती तशीच हवी, असा हट्ट मात्र त्यानं धरू नये. वारंग्याला आल्यावर मी हे स्वतःला पुन्हा पुन्हा बजावतो.

*

फेब्रुवारी-मार्च म्हणजे हळद. काढणी झाली की रानातच भट्टी लागायची. तिच्यावर मोठी लोखंडी कढई, वर झाकायला हळदीचाच पाला आणि ओली पोती. फेस येऊन उग्र वास सुटला की जाणता माणूस एक हळकुंड बाहेर काढायचा आणि त्यात काडी टोचून बघायचा. काडी सुळकन आत गेली, की शिजली. मग ती उपसून उन्हात पसरायची, पंधरवडाभर वाळवायची आणि शेवटी ढोलात घालून घासायची. ढोल हातानं फिरवायचा, दोन्ही बाजूंना माणसं. सालपटांची पिवळी धूळ त्यांच्या पापण्यांवर बसलेली मला अजून दिसते. आम्हा पोरांना कढईच्या आसपास फिरकू देत नसत. कुणाचा ना कुणाचा हात, पाय दर हंगामाला पोळायचाच.

आता वाफेवरचे कुकर आलेत, ढोल ट्रॅक्टरवर फिरतो. फार बरं झालं. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याचा पैसा ढोल फिरवणाऱ्यांच्या घरापर्यंत पोचावा, असं मनापासून वाटतं.

*

माझ्या दाखल्यावर तालुका कळमनुरी, जिल्हा परभणी. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला.

*

शाळासोबत्याच्या घरी चहा. बोलता बोलता भूकंपाचा विषय निघाला. १० जुलै २०२४ ची सकाळ, ४.५ तीव्रतेचा धक्का, केंद्र याच तालुक्यात रामेश्वर तांड्याजवळ. त्याआधी मार्चमध्येही तेवढाच. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेकडं जमिनीतून गूढ आवाज येतात, ते तर कित्येक वर्षांचं. वहिनी म्हणाल्या, "मांडणीतली भांडी वाजली की आधी लेकरं बाहेर, मग आम्ही." किल्लारीचा भूकंप आठवणाऱ्या मराठवाड्याला असल्या वेळी बाहेर पडा म्हणून सांगावं लागत नाही.

*

नागपूर रोडच्या चौपदरीकरणाचा वारंगा ते महागाव, या नावानं एक टप्पाच झाला. नांदेडच्या दवाखान्यात बाळंतीण वेळेवर पोचते, याहून मोठी गोष्ट कोणती? जुन्या अरुंद रस्त्यावरचे अपघात ज्यांनी पाहिलेत, ते नव्या रस्त्याला नावं ठेवणार नाहीत.

पण रुंदीकरणात कडेची झाडं गेली. भर दुपारी बाळापूरकडच्या एसटीची वाट बघत बाया उभ्या होत्या, डोक्यावर पदर, काखेत लेकरू. थांबलेल्या ट्रकची सावली पडली होती, तिच्यात सगळ्या दाटीवाटीनं उभ्या. ट्रक हलला आणि त्या उन्हात आल्या. पुढचा ट्रक येईपर्यंत तशाच.

इथं पत्र्याचा का होईना निवारा हवा, पिण्याचं पाणी हवं, बायकांसाठी स्वच्छतागृह हवं आणि दोन्ही कडेला कडुलिंब लावून ते जगवायला माणूस हवा. सोबत्याला म्हटलं, मुंबईला परत जाण्याआधी अर्ज लिहून देतो, सह्या तू गोळा कर. तो म्हणाला, "बायांच्या सह्या आधी घेऊ. उभं त्यांनाच राहावं लागतं."