वारस कोण?

कोलकात्याच्या भर रस्त्यात चालता चालता माणसं कोसळतात आणि मरतात. जवळपास कोणी नसतं, बंदुकीचा आवाज आलेला नसतो. छातीत रुतलेली सापडते ती ग्रामोफोनची पिन. एक जण तेवढा वाचतो, कारण पिन त्याच्या खिशातल्या घड्याळावर आदळते. त्याला आठवतं ते इतकंच, की त्या वेळी सायकलची घंटी वाजली होती. शरदिंदू बंद्योपाध्याय यांची ही गोष्ट १९९३ साली ‘रास्ते का काँटा’ या नावानं दूरदर्शनवर आली, तेव्हा मी अमरावतीत शाळेत होते. हत्यार म्हणजे ती घंटीच. इतकी वर्षं लोटल्यावर उत्तर सांगून टाकायला हरकत नसावी.

बासू चटर्जी यांची ‘ब्योमकेश बक्शी’ ही मालिका आमच्या घरी सगळे मिळून पाहत. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना त्याचा लेखक मित्र अजित आणि सत्यवतीच्या भूमिकेत आपल्या सुकन्या कुलकर्णी, ज्यांना पुढे मराठी घरांनी ‘आभाळमाया’त डोक्यावर घेतलं. टीव्हीसमोर आई, काकू, चुलतभाऊ, शेजारची पोट्टी अशी दाटी असे. मागे भिंतीला टेकून आबाजी बसत. आबाजी म्हणजे माझे आजोबा. ते अर्जनवीस होते. तहसील कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली त्यांचं टेबल असे आणि खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, वारसनोंदीचा अर्ज लिहून घ्यायला खेड्यापाड्यांतून माणसं येत.

सायकलची घंटी ऐकू आली तसे आम्ही सगळे पडद्याला चिकटलो. पिन कोण मारतो ते हुडकायचं होतं. आबाजी मागून म्हणाले, “पिन कोन मारते थे मंग पायजो. मेले त्याईले लेकरंबाळं होते काय, थे आइक.”

त्या गोष्टीची खरी किल्ली तिथेच आहे. मेलेले सगळे पैसेवाले आणि सगळे निपुत्रिक. ज्यांच्या मागे संपत्ती आहे, पण सरळ वारस नाही, अशीच माणसं रस्त्यात कोसळत होती. त्यांच्या मरणानं ज्यांचं भलं होणार होतं, ते पैसे मोजून हे काम करवून घेत होते. घंटी ही खून कसा झाला ते सांगत होती. निपुत्रिक असणं हे खून का झाला ते सांगत होतं. आम्ही मुलं घंटीवर थांबलो होतो. आबाजींनी विचारलं होतं, “मंग वारस कोन?”

त्यानंतर मी ती मालिका आबाजींशेजारी बसून पाहू लागले. रहस्यकथा पाहायची कशी, हे मी त्यांच्याकडून शिकले आणि ते शिकवत होते त्यांच्या धंद्यातून. दस्त हातात आला की ते आधी चतुःसीमा वाचत. पूर्वेला कुणाचं शेत, पश्चिमेला नाला की पांदण, उत्तरेला कोण. मग साक्षीदार. मग अंगठे. सगळ्यांत शेवटी मधला मजकूर. कारण मधला मजकूर सांगणारा सांगेल तसा लिहिलेला असतो, पण कडेच्या गोष्टींकडे कुणी लक्ष देत नाही आणि खरं बहुतेक वेळा तिथेच राहून जातं. आणखी एक गोष्ट ते पाहत: कुणाचं नाव असायला पाहिजे होतं आणि नाही.

ही नजर ब्योमकेशच्या गोष्टींना फार बरोबर लागू पडते. ‘सीमांत हीरा’मध्ये हिरा चोरणारा शिल्पकार स्वतःच सांगतो की हिरा घरातच आहे, शोधून दाखव. कपाटं, कोनाडे, तिजोरी असं सगळं मनात येतं. हिरा असतो डोळ्यांसमोर ठेवलेल्या नटराजाच्या छोट्या मूर्तीत. ‘मकड़ी का रस’मध्ये अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यावर घरच्यांचा कडक पहारा आहे, तरी कोळ्याच्या विषाची नशा त्याच्यापर्यंत पोचते. तो लिहीत बसतो, काळ्या शाईत आणि मधूनमधून लाल शाईत. नशा त्या लाल शाईत आहे आणि लेखणी तोंडात घालायची त्याची सवय आहे. दोन्ही ठिकाणी आपल्यापासून काहीही लपवलेलं नाही. मूर्ती समोर आहे, दौत समोर आहे. लेखकाला फक्त खात्री आहे की दौतीकडे आपण दौत म्हणूनच पाहू.

मला सर्वांत आवडतो तो ‘तस्वीर चोर’. एका लहान गावात सहलीला गेलेल्या मंडळींनी काढलेला एक समूहफोटो घराघरांतून चोरीला जाऊ लागतो. पैसा नाही, दागिना नाही, फक्त तो एक फोटो. आमच्या घरी सगळ्यांनी फोटोत कोण कोण आहे याची यादी करून पाहिली. आबाजींचं म्हणणं असं, की चोराला फोटो पाहिजे आहे असं समजू नका. तो फोटो कुणाकडे राहू नये असं त्याला वाटतं आहे. गोष्ट तशीच निघाली. बँकेचा मॅनेजर पैसे घेऊन पळायच्या बेतात होता आणि पोलिसांच्या हाती आपला चेहरा लागू नये म्हणून आधी फोटो नाहीसे करत होता. आठवणीतून चेहरे काढणारा एक चित्रकारही त्यापायीच जिवाला मुकला.

पुढे बासू चटर्जींबद्दल वाचलं तेव्हा या मालिकेचा साधेपणा अधिक कळला. चित्रपटांत येण्याआधी ते ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात अनेक वर्षं व्यंगचित्रकार होते. व्यंगचित्रकार नको ती रेघ काढतच नाही. ‘एक रुका हुआ फैसला’ हा त्यांचा १९८६चा चित्रपट जवळजवळ सगळा एका खोलीत घडतो आणि तिथेही के. के. रैना आहेतच. ‘ब्योमकेश’मध्ये खोल्या मोजक्या, माणसं बोलताहेत, कॅमेरा शांत. खोलीत सामान कमी असलं की जे आहे ते का आहे, असा प्रश्न पडतो. वेगवान संगीत आणि गरगर फिरणारा कॅमेरा असता, तर आमच्या आबाजींना चतुःसीमा वाचायला सवडच मिळाली नसती.

एकेक भाग वेगळा पाहिला तर खुणा सापडतात. सगळे ओळीनं पाहिले की दुसरंच काही दिसू लागतं. ‘सत्यान्वेषी’ या पहिल्याच गोष्टीत मेसमधल्या सगळ्यांची काळजी घेणारा होमिओपॅथीचा डॉक्टर औषधाआड कोकेन विकत असतो. ‘तस्वीर चोर’मध्ये बँकेचा मॅनेजर. गुन्हा करणारा पुष्कळदा गावानं ज्याला मान दिलेला असतो, तोच असतो. दुसरी आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे इस्टेट. ‘वसीयत’मधला म्हातारा लहर फिरली की मृत्युपत्र बदलतो आणि त्याच्या घरातले सगळे नातेवाईक त्या कागदावर डोळा ठेवून जगत असतात. त्याच गोष्टीत ब्योमकेशला सत्यवती भेटते. म्हणजे त्याचा संसारसुद्धा एका मृत्युपत्राच्या तपासातून उभा राहतो.

वऱ्हाडात हे सांगावं लागत नाही. इथल्या काळ्या जमिनीला कपाशीनं भाव आणला आणि त्या जमिनीनं भावाभावांत कागद आणले. १९९३ साली ही मालिका आली, दुसरा भाग १९९७ साली आला आणि या दोहोंच्या मध्ये १९९४ साली महाराष्ट्रानं हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा जन्मतः हक्क दिला. देशभर हा बदल व्हायला २००५ साल उजाडलं आणि तेव्हा लग्नाची अटही गेली. आबाजींच्या टेबलाशी मी त्या काळात जात असे. हक्कसोडपत्र हा शब्द तिथेच पहिल्यांदा ऐकला. माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडला म्हणून सही करायला आलेल्या बाया डोक्यावरचा पदर सावरत उभ्या राहायच्या. आबाजी प्रत्येकीला मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि विचारायचे, “बाई, कायवर सही करून राह्यली, समजलं नं?”

लग्न होऊन मी अकोल्यात आले. तिथे जठारपेठेतल्या आमच्या घरी सासूबाईंना मालिकांची आवड. २०१६ साली झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं घर, नाईक कुटुंब, अण्णांचं मरण आणि त्यांच्यामागं एकत्र जमलेली भावंडं. मालवणी बोली आम्हाला अर्धीच कळायची. सासूबाईंना त्याची अडचण नव्हती. दाराआडचा आवाज, अंगणातली सावली यांनी बाकीचे दचकत. त्या मात्र कोण कुणाजवळ बसला, जमिनीचा विषय निघाला की कोण गप्प झाला, एवढंच पाहत. “भूत राहू दे बाजूले, वाटनी होऊन राह्यली तिथं,” असं त्यांनी पहिल्याच दिवसांत सांगून टाकलं. २०१९ साली दुसरा भाग काळात मागे गेला आणि माधव अभ्यंकरांचे अण्णा जिवंत होऊन समोर आले. ज्याचं मरण आधीच पाहिलं आहे, त्याचं जगणं पाहताना प्रत्येक साधी कृती जड होते. उत्तर ठाऊक असताना रहस्य पाहण्यात किती आहे, हे तेव्हा मला नीट जाणवलं.

मग २०२०चा मार्च आला. टाळेबंदीत दूरदर्शननं जुन्या मालिका पुन्हा काढल्या आणि २८ मार्चपासून सकाळी ११ वाजता ‘ब्योमकेश बक्शी’ दिसू लागली. अकोल्याच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी माझ्या मुलीला शेजारी घेऊन बसले. तिला उत्तरं माहीत नव्हती, मला होती. माझं लक्ष अजितवर खिळलं. ब्योमकेशला जे दिसतं ते बहुतेक वेळा अजितलाही दिसतं. तो बुद्धिमान आहे, लेखक आहे, खोलीत हजर आहे. फरक एवढाच, की अजित घडलेलं ऐकतो आणि ब्योमकेश सांगणाऱ्याकडे पाहत ऐकतो. पहिल्या भागातला डॉक्टर पाहून मुलगी म्हणाली, “आई, हा एवढा गोड काऊन बोलते सगळ्यांशी? याला काय पाहिजे?” आबाजींना ती कधी भेटली नव्हती. तरी प्रश्न त्यांच्याच जातीचा होता. त्याच वर्षी ४ जूनला बासू चटर्जी गेले. त्या दिवशी आम्ही दोघींनी ‘तस्वीर चोर’ पुन्हा लावला.

‘साही का काँटा’ आम्ही नंतर पाहिला, २०२१च्या फेब्रुवारीत अमरावती-अकोल्याला पुन्हा बंधनं आली तेव्हा. खुनी साळिंदराच्या काट्यानं आधी रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना मारतो, म्हणजे ज्याला खरोखर मारायचं आहे त्याचं मरण त्या रांगेत हरवून जाईल. मेळघाटाकडच्या शेतात असे काटे सापडतात. लहानपणी आम्ही ते वहीत जपून ठेवत असू. मुलगी काट्यातच गुंतली. मी तिला रांग पाहायला सांगितली. भिकारी, मजूर, दुकानदार असे बळी पडत जातात आणि या गरिबांच्या मरणाचं कुणाला फार वाटत नाही, यावरच खुन्याची भिस्त आहे. तो नेमका माणूस वाचतो, कारण त्याचं काळीज उजवीकडे आहे. हा धक्का सगळ्यांच्या लक्षात राहतो. आधी गेलेल्यांची आठवण ठेवायला मात्र गोष्ट पुन्हा पाहावी लागते.

वडील गेल्यावर या सवयीचा मला घरातच उपयोग झाला. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे द्यायचा अर्ज भावानं तयार केला आणि मला नुसता पाहायला पाठवला. मजकूर चोख होता. गट नंबर बरोबर, क्षेत्र बरोबर, मृत्यूची तारीख बरोबर. मी आधी नावं वाचली. आई होती, दोन्ही भाऊ होते. मी आणि बहीण नव्हतो. फोन केला तर भाऊ सहज म्हणाला, “तुम्ही कुठं मागनार हाय, म्हनून नाही टाकलं.” त्याच्या मनात कपट नव्हतं, आणि कपट नव्हतं म्हणूनच ते मला अधिक लागलं. मी म्हटलं, मागायचं की सोडायचं ते आम्ही दोघी ठरवू. वारस आहोत, तेवढं लिही. त्यानं लिहिलं. नमुना सहा-कवर नोंद झाली, फेरफाराची नोटीस निघाली, पंधरा दिवसांची मुदत गेली आणि आमची नावं सातबारावर आली. भावाशी माझं आजही उत्तम आहे. दिवाळीला आम्ही अमरावतीलाच जातो.

रहस्यमालिका हा वेळ घालवायचा प्रकार आहे असं कुणी म्हणालं, की मला हे सगळं सांगावंसं वाटतं. सुटी खूण हुडकण्यात आनंद आहेच. पण तीच गोष्ट वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या माणसांबाबत पुन्हा पुन्हा घडताना दिसली की ती खूण राहत नाही. तो त्या समाजाचा रिवाज असतो. शरदिंदूंच्या बंगालातला म्हातारा, आकेरीचे अण्णा आणि आमच्या तहसील कचेरीत सहीला उभी राहिलेली बाई या तिघांच्या गोष्टी एकाच प्रश्नावर येऊन थांबतात: या घरात कुणाला मोजलं गेलं आणि कुणाला नाही. माझी मुलगी आता कुठलीही मालिका पाहताना खुनी कोण यावर पैज लावत नाही. ती आधी वहीत घरातल्या सगळ्या माणसांची नावं लिहून काढते, स्वयंपाकीण आणि गडीमाणसांसकट, आणि कुणाबद्दल कोणीच काही बोललं नाही ते पाहत बसते.