रिकामी गव्हाण

निर्मळची कार्तिकातली यात्रा उठली की वसईच्या आमच्या पट्ट्यात नाताळचे वेध लागतात आणि मी येशूजन्माच्या गोठ्यासाठी पेंढ्याच्या शोधाला लागतो. पेंढा नवा हवा, यंदाच्याच भाताचा. जुना करडा पडतो, हातात त्याचा भुगा होतो. आजोबांना तो कधी शोधावा लागला नाही. घरामागे खाचरं होती, दावणीला बैलजोडी होती. बैलांपुढे टाकायच्या पेंढीतूनच ते मूठभर बाजूला काढत. आता खाचरांवर इमारती आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली म्हणून केळीच्या, फुलांच्या, पानवेलीच्या वाड्या काही तरी उरल्या. भात मात्र मागे हटलं. पेंढ्यासाठी आम्ही महामार्ग ओलांडून पारोळच्या बाजूला जातो. बाजारात थर्माकोलचे तयार गोठे मिळत. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत ते अडकले, याचा मला आनंदच झाला. बेथलेहेम आपल्या मातीत उभं करायचं तर सामानही आपल्या मातीतलं हवं, यावर मी ठाम आहे.

सांगाडा बांबूच्या कामट्यांचा. आदल्या रात्री त्या पाण्यात टाकल्या की वाकवताना मोडत नाहीत. बांधायचं सुतळीने, कारण खिळा मारला की कामटी उभी चिरते. छप्पर शाकारायचं ते खालून वर. वळचणीची ओळ पहिली, तिच्यावर अर्धी चढवून दुसरी, आढ्यावर शेवटची. या छपरावर पाऊस पडणार नाही हे खरं, पण ज्याने एकदा घर शाकारलंय त्याला उलटी ओळ दुरूनही खटकते, आणि आमच्याकडे गोठा बघायला येणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी निम्म्यांनी घरं शाकारलेली आहेत. भिंती कुडाच्या. लिंपणाच्या मातीत शेणाबरोबर बारीक कापलेला पेंढा घालायचा, नाहीतर वाळताना ती तडकते.

डोंगर करण्याची विद्या मुलांना शिकवावी लागत नाही. शेजारच्या हिंदू घरांतल्या दोस्तांबरोबर दिवाळीत किल्ला करून त्यांचे हात तयार झालेले असतात. विटा आणि खोकी रचायची, पातळ चिखलात बुडवलेलं गोणपाट वरून टाकायचं, सुरकुत्या पडतील तशा पडू द्यायच्या. महाराज आणि मावळे पेटीत गेले की तेच गोणपाट बेथलेहेमच्या टेकड्यांवर चढतं. ते दोस्तही मग इकडे येतात आणि डोंगराचा उतार कसा असावा यावर माझ्याशी हक्काने वाद घालतात.

हिरवळीचं गणित वेगळं. किल्ल्याला अळीव, मोहरी चालते, गोठ्याला मी नाचणी आणि गहू पेरतो. चार इंची मेंढपाळाशेजारी मोहरीचं पान झाडाच्या पानाएवढं दिसतं. नाचणीचं पातं बारीक, ते गवतच वाटतं. गहू सरळ उभा राहतो, त्याचं शेत होतं. नाचणी १० डिसेंबरच्या सुमारास पेरायची, गहू १५ च्या आसपास, थंडी जास्त असेल तर दोन दिवस आधी. दाणे रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून, मोड आल्यावरच मातीत टाकायचे. पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. घाई केली तर २४ तारखेला पाती पिवळी पडून लवलेली असतात, उशीर केला तर नुसती माती दिसते. चर्चमध्ये आगमनकाळाच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती वाढत जाते. घरातली मुलं तो काळ पात्यांच्या उंचीवर मोजतात. सकाळी उठल्या उठल्या, तोंड धुण्याआधी, पट्टी घेऊन. आत आई आणि बायको करंज्यांसाठी नारळ खवत असतात, त्यांनाही रोजची उंची ओरडून सांगितली जाते.

मूर्ती मांडताना मोठ्या पुढे आणि लहान मागे ठेवल्या की हातभर जागेत कोसभर अंतर दिसतं. उंट आणि राजे सगळ्यात दूर, टेकडीच्या पलीकडे. दिवा एकच, छपराच्या आत लपवलेला आणि पिवळसर. लुकलुकणाऱ्या माळा मी गोठ्याच्या आसपास येऊ देत नाही, त्या हव्या तर अंगणातल्या चांदणीला लावाव्यात.

हे सगळं ज्या गव्हाणीसाठी करायचं ती २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी असते. माझ्या मते या कामातला सगळ्यात अवघड भाग हाच. रिकाम्या जागेकडे नजर कशी वळवायची? पुष्कळ घरांत मरिया आणि योसेफ पाहुण्यांकडे तोंड करून उभे असतात, फोटोला उभे केल्यासारखे. मी त्यांना गव्हाणीकडे वळवतो. बघणाऱ्याला त्यांची पाठ दिसली तरी चालेल. पायवाट भुईगावच्या किनाऱ्यावरच्या वाळूची, ती वळत वळत गव्हाणीशी संपते. दिव्याची तिरीप तिथेच पडते. आत घातलेला पेंढा मी हाताने थोडा दाबतो, जिथे बाळाचं डोकं येणार तिथे. तेवढ्या खळग्याने ती जागा कुणाची तरी होते. येणारे जाणारे विचारतात, बाळ कुठाय? मुलं सांगतात, अजून यायचंय.

१२२३ च्या नाताळात संत फ्रान्सिस असिसीकर यांनी इटलीतल्या ग्रेचो गावी गव्हाण मांडली. त्यांनी गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणवलं होतं. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, पण बैल आणि गाढव नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून आले, जिथे बैल आपल्या धन्याला आणि गाढव आपल्या मालकाच्या गव्हाणीला ओळखतं. आमच्या दावणीची जोडी विकली गेली, त्यानंतर मी गोठ्यात बैलाची मूर्ती गव्हाणीच्या अगदी जवळ, जवळजवळ श्वास लागेल इतकी पुढे ठेवतो. घरातल्या लहानांनी बैलाची ऊब अनुभवलेली नाही. त्यांना एवढं तरी कळावं की थंडीच्या रात्री त्या जागी ती होती.

मिस्सेहून परतल्यावर घरातलं सगळ्यात लहान मूल बाळ येशूला गव्हाणीत ठेवतं. ठेवताना त्याचा हात कुणी धरायचा नाही, हा आजोबांचा नियम. मूर्ती वाकडी ठेवली गेली तर सकाळपर्यंत तशीच राहते.

पण काम तिथे संपत नाही. २५ पासून राजे टेकडीवरून उतरायला लागतात. "काका, आज राजे किती चालणार?" पुतणी रोज विचारते, आणि मग देखाव्यातली नदी ओलांडायची की वळसा घ्यायचा यावर घरातल्या मुलांची बैठक बसते. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, ते पोहोचतात. त्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे मिळून गोठा उतरवतो. गहू शेजारच्या शेळ्यांना, माती केळीच्या बुंध्याशी, कामट्या पोटमाळ्यावर. त्या दिवशी मुलांकडून गव्हाच्या आणि नाचणीच्या पेरणीच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरमागे लिहून घेतो. पुढच्या वर्षी दाणे त्यांनीच भिजवायचे आहेत.