निर्दोषाचा भुर्दंड

रस्त्यावर दोन वाहने एकमेकांना धडकली की भोवती जमलेली गर्दी पहिला प्रश्न विचारते, ‘चूक कोणाची?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे सारे मिटले, अशी माझीही समजूत होती. चूक ज्याची, भरपाई त्याची! इतका साधा न्याय तर गल्लीतल्या क्रिकेटमध्ये फुटलेल्या काचेलाही लागू असतो. पण गेल्या पावसाळ्यात आजोबांच्या मोटारीच्या दुरुस्तीचे कागद भरता भरता मला कळून चुकले, की निर्दोष असण्यासाठीही माणसाला पदरमोड करावी लागते.

आजोबा एस. टी. त ड्रायव्हर होते. अपघाताविना सेवा केल्याबद्दल मिळालेला बिल्ला त्यांनी अजून देवघराच्या फळीवर जपून ठेवला आहे. निवृत्तीच्या पैशांतून सहा वर्षांपूर्वी त्यांनी एक छोटी मोटार घेतली. कोल्हापुरात कावळा नाक्याच्या सिग्नलला ही मोटार तांबड्या दिव्यापुढे निमूटपणे उभी असताना मागून एक टेम्पो येऊन आदळला. मी शेजारीच बसलो होतो. डिकी आत गेली, काच फुटली, बंपर लोंबू लागला. टेम्पोवाला माझ्याच वयाचा पोरगा. थरथरत म्हणाला, “चूक माझीच हाय, आजोबा.” आजोबांनी त्यालाच विचारले, “तुला कुठं लागलं न्हाई न्हवं?” मी मोबाईलवर फोटो काढले, टेम्पोचा नंबर टिपून घेतला. इतक्या स्पष्ट कबुलीनंतर खर्चाची काळजी कसली, असे मनाशी म्हटले.

विमा कंपनीच्या कचेरीत तो भ्रम फिटला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमाने प्रत्येक वाहनाला तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला आहे. टेम्पोचाही तो होता. पण त्यातून भरपाई हवी तर मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे अर्ज करायचा, समोरच्याचा निष्काळजीपणा शाबीत करायचा आणि तारखांना हजर राहायचे. तोवर मोटार काय दोरीने बांधून चालवायची? तेव्हा दुसरा मार्ग सरळ : आपल्याच विम्यातून दुरुस्ती करून घ्यायची. दोष दुसऱ्याचा आणि दावा आपल्यावर आपलाच!

मोटार उद्यमनगरातल्या एका गॅरेजात गेली. मिस्त्रीने अंदाजपत्रक दिले. विमा कंपनीचा माणूस पाहणी करून जाईपर्यंत एक स्क्रूसुद्धा हलवायचा नाही, ही त्याची ताकीद. पाहणी झाली, फोटो झाले, आणि मग ‘घसारा’ नावाचे प्रकरण उघडले. सहा वर्षांच्या मोटारीच्या पत्र्याच्या भागांवर ४० टक्के कपात, प्लॅस्टिक आणि रबरावर ५० टक्के, काचेवर मात्र काही नाही. रंगाच्या सामानावर पुन्हा निम्मी कपात. शिवाय लहान इंजिनाच्या मोटारीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट. एकूण बिल ३४,००० रुपये; कंपनीने दिले २४,८००. उरलेले ९,२०० आजोबांनी आपल्या खिशातून मोजले. घसारा न कापणारी पुरवणी विम्याला जास्त हप्ता भरून जोडता येते, हे ज्ञान मला तेव्हाच झाले.

पैशांचे आजोबांना फारसे लागले नाही. त्यांना लागले ते निराळेच. पाच वर्षे एकही दावा केला नाही म्हणून त्यांना स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीसाठी भरायच्या हप्त्यात ५० टक्के ‘नो क्लेम बोनस’ मिळत असे. ती सूट म्हणजे चांगल्या ड्रायव्हरला दिलेला दुसरा बिल्लाच, असे ते समजत. एका दाव्याने ती शून्यावर आली. “पण मोटार उभी होती की हो!” मी कचेरीत म्हणालो. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितले, “बोनस दावा न केल्याचा असतो. चूक कोणाची, ते त्यात येत नाही.” म्हणजे हे बक्षीस नीट चालवल्याचे नव्हे, काही न मागितल्याचे!

मी हट्टाला पेटलो. निदान ९,२०० रुपयांसाठी तरी न्यायाधिकरणात जाऊ या म्हणालो. पैसे त्या पोराने नव्हे, टेम्पोच्या विमा कंपनीने द्यायचे होते. आजोबा म्हणाले, “पैसं कंपनी दील, पर पोलिसाचा कागद कुणाच्या नावावर हुईल? त्या पोराच्याच. एकदा लायसनला डाग लागला की कोण मालक ठेवून घेतोय? जल्मभर ड्रायव्हरकी केलीया म्या.”

मला हे तेव्हा पटले नाही आणि आजही पुरते पटलेले नाही. प्रत्येक निर्दोष माणूस असा समजुतीने गप्प बसला, तर पुढच्या सिग्नलला ब्रेकवर वेळीच पाय ठेवण्याचे कारण त्या पोराला उरेल का? पण ज्याच्या हातात आयुष्यभर स्टिअरिंग होते, त्याला त्या पोराची थरथर माझ्यापेक्षा अधिक कळली असणार, हेही नाकारवत नाही. कायद्याने निर्दोषाला मार्ग ठेवला आहे. त्यावरून जायचे की नाही, हे शेवटी ज्याचे त्याने ठरवायचे.

विमा नव्याने करायचा कागद आला तेव्हा आजोबांनी चष्मा पुसून तो ओळ न् ओळ वाचला. बोनसच्या रकान्यात शून्य होते. त्यांनी मला विचारले, “फुडल्या साली किती मिळंल?” दावा झाला नाही तर २० टक्के, मी म्हणालो. “मग झालं तर,” म्हणून त्यांनी हप्त्याचे पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले आणि मोटार पुसायला ते अंगणात गेले.